ठरावाच्या दिवशी इस्त्री

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. कुणाचं कुणाशी बिनसलं, कुणाच्या मुलानं नोकरी सोडली, कुणी नवी गाडी हप्त्यांवर उचलली, सगळं आधी माझ्या काउंटरवर येतं आणि संध्याकाळपर्यंत गावभर होतं. मी लाँड्री चालवते. लोक कपडे टाकायला येतात आणि मन मोकळं करून जातात, त्याला मी काय करू? पण एक सांगते, आणि छातीवर हात ठेवून सांगते. गाठोड्यात जे दिसतं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. लोक तोंडानं बोलतात ते गल्लीचं, कपडे बोलतात ते माझ्यापाशी राहतं. सासूबाईंनी दुकान माझ्या हाती दिलं तेव्हा एवढंच बजावलं होतं, की खिशात सापडेल ते परत द्यायचं आणि डाग कसला हे विचारायचं नाही. बाकी काय वाट्टेल ते बोल म्हणाल्या. ते मी मनापासून पाळलं.

तर आमची सून. वकिली करायची, मग लोकांनी तिला उभी केली, आणि ती चक्क निवडून येऊन सभागृहात गेली. मुलगा माझा मागच्या खोलीत बॉयलर सांभाळतो. त्याला बोलतं करायचं तर बॉयलर बंद पडावा लागतो. असा नवरा आणि अशी बायको, देवानं कसं जमवलं तोच जाणे. पण मला ती पहिल्या दिवसापासून आवडली, कारण ती माझ्याशी भांडायची आणि भांडून झालं की चहा करायची.

तिनं सभागृहात एक विषय धरून ठेवला होता. समुद्रापलीकडे एक देश आहे, तिथल्या सेनापतींनी आपल्याच लोकांवर गोळ्या झाडल्या, बोलणाऱ्यांना तुरुंगात डांबलं. सून म्हणायची, त्यांच्याकडून तेल घेऊ नका, त्यांना यंत्रं विकू नका, त्यांचा पैसा आपल्या बँकांत ठेवू नका. निर्बंध म्हणतात त्याला. आता आमच्याच गावात यंत्रांचा कारखाना, आणि त्याचा बराच माल तिकडेच जायचा. म्हणजे बाईनं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला की नाही? मी तिला तसं म्हटलंसुद्धा. ती कारखान्याच्या फाटकावर उभी राहिली, कामगारांना तोंडावर सांगून आली की मी हे करणार आहे आणि तुम्हाला दुसरं गिऱ्हाईक मिळवून द्यायलाही झटणार आहे. शिव्या खाल्ल्या, पण पळाली नाही. निर्बंधांवर आधी दोनदा मतदान झालं, दोन्ही वेळा तिनं हात वर केला. ती मतदानं किरकोळ होती. तिसरं खरं, शेवटचं.

त्या दिवशी सकाळी ती कोट घालून तयार होती. गाडी यायची होती. तेवढ्यात फोन वाजला. ती जिन्यात जाऊन बोलली, फार नाही बोलली. परत आली, कोट काढून खुंटीला लावला आणि माझा जुना एप्रन कमरेला बांधला.

"आई, आज मी इस्त्रीला बसते," म्हणाली.

मला वाटलं नवराबायकोत काहीतरी वाजलं. मी बॉयलरपाशी जाऊन पोराला विचारलं, त्यानं नुसते खांदे उडवले. सून दिवसभर शर्टांना इस्त्री करत राहिली. तिला इस्त्री येत नाही, हेही सांगून टाकते. कफ आधी करायचा की बाही, याचा तिला पत्ता नाही. एका गिऱ्हाइकाचा कफ तिनं करपवला आणि मी काही बोलले नाही, यावरून समजा तिचा चेहरा कसा असेल. दुकानातला रेडिओ तिनं स्वतःच बंद केला होता. दुपारनंतर मला राहवलं नाही, मी लावला. बातम्यांत सांगितलं, निर्बंधांचा ठराव पडला. एका मतानं पडला.

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं इस्त्री उभी करून ठेवली, कपडा जळू नये म्हणून, आणि तशीच उभी राहिली. मी आडपडदा न ठेवता विचारलं, घाबरलीस का गं? ती नाही म्हणाली. मग का गेली नाहीस? तर म्हणाली, ते सांगता येणार नाही, आई. आणि वर निघून गेली. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मला सांगता येणार नाही? या घरात मला?

पुढे निवडणूक आली आणि जे व्हायचं तेच झालं. तिच्या विरोधात जो उभा होता त्याला मी कडक कॉलर म्हणते. आमचंच गिऱ्हाईक. शर्टाच्या कॉलरला दुप्पट स्टार्च लागतो त्याला, मान वळली नाही तरी चालेल पण कॉलर वळता कामा नये. तो निर्बंधांच्या विरोधातला, आणि उघडपणे विरोधातला. आधी एकदा निवडून सभागृहात जाऊनही आलेला. त्यानं गावभर पोस्टर लावली, त्यावर फक्त एक रिकामी खुर्ची. खाली लिहिलेलं, "ही कुठे होती?" भाषणात म्हणायचा, मी निर्बंध नको म्हणतो आणि तोंडावर म्हणतो, तुम्हाला पटो न पटो. या बाई तीन वर्षं हवेत हवेत म्हणाल्या आणि वेळ आली तेव्हा गायब. एका मतानं ठराव पडला, ते एक मत कुणाचं? आता बोला. याला काय उत्तर द्यायचं?

दुकानात तर रोज सभा भरायची. एक म्हणायचा घाबरली, दुसरा म्हणायचा कारखानदारानं दटावली. मी प्रत्येकाशी भांडले. तिच्या आधीच्या मतांचा पाढा वाचला, फाटकावरची गोष्ट सांगितली, घसा बसेपर्यंत सांगितली. पण ते शेवटी तिसऱ्या मतावर यायचे आणि तिथं माझी बोलती बंद व्हायची. एका शहाण्यानं तर माझ्यासमोर म्हटलं की ती विकली गेली. मी त्याची पँट तशीच चुरगळलेली त्याच्या अंगावर फेकली आणि पायरी उतर म्हटलं. पण तो गेल्यावर मी दुकानाचं दार लोटून घेतलं. कारण खरं सांगायचं तर माझ्याही मनात पाल चुकचुकलीच होती. जागा गेली तर गेली, वकिली आहे, पोट भरेल. पण "विकली गेली" हे कपाळावर घेऊन ती या गल्लीत कशी राहणार, हा घोर मला लागला होता. नाव गेलं की परत धुऊन मिळत नाही, आणि हे मी सांगतेय, जिचा धंदाच धुण्याचा आहे.

ती मात्र गप्प. प्रचाराला जायची, निर्बंधांवर बोलायची, आणि तो प्रश्न आला की एकच वाक्य, मी गैरहजर होते, कारण सांगणार नाही. जेवताना माझ्याकडे बघायची नाही. तिला वाटत असणार, आईंना काही सांगितलं तर उद्या काउंटरवर. बरोबरच होतं तिचं, पण मला फार लागलं.

मग एक दिवस कडक कॉलर स्वतः शर्ट न्यायला आला. खुशीत होता. काकू, राग मानू नका म्हणाला, राजकारण आहे, तुमच्याबद्दल मला आदरच आहे. मी पावती शोधत होते. तो काउंटरवर रेलून बोलतच राहिला. त्या दिवशी म्हणे सगळं सभागृह खचाखच भरलं होतं, आजारी माणसंसुद्धा आली होती. दोघंच नव्हती. एक तुमची सून, आणि एक आमचे थोरले, पण ते परदेशात व्याख्यानांना गेलेत हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. त्यांचं जाऊ द्या, तुमच्या सूनबाई कुठं होत्या? आणि हसला.

मी शर्ट त्याच्या हातात दिले. एरवी मी त्याला चार शब्द सुनावले असते. पण माझं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. माझ्या मागे फळीवर थोरल्यांच्या घरचं गाठोडं होतं, त्याच सकाळी आलेलं.

थोरले म्हणजे कडक कॉलरच्या पक्षाचे सगळ्यात जुने पुढारी. त्यांचं भाषण असलं की विरोधकसुद्धा खुर्च्या पुढे ओढून बसायचे. सून त्यांच्या उलट बाजूची, पण घरी येऊन म्हणायची, आई, आज थोरल्यांनी मला असं काही झोडपलं, की मलाच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. त्यांचे कपडे वर्षानुवर्षं आमच्याकडे. कोट, पांढरे शर्ट, उजव्या कफवर शाईचा ठिपका ठरलेला. आणि हल्ली काय येत होतं? चादरी. उशांचे अभ्रे. टॉवेल. रात्रीचे सैल सदरे, पुढून उघडणारे, बटणांऐवजी नाड्या लावलेले, छातीवर सूप सांडलेलं. थोरल्यांची बायको चिमणीएवढी, ते सदरे तिचे नव्हते. इतके दिवस मी ते धूत होते, वाळवत होते, घडी घालत होते आणि माझ्या शिस्तीप्रमाणे विचार करत नव्हते. आता करावा लागला. परदेशात व्याख्यानं देणारा माणूस घरच्या चादरी कशा मळवेल?

आणि मग दुसरी गोष्ट आठवली. सून नवीन निवडून गेली तेव्हा तिथल्या रीतीभाती घरी येऊन सांगायची. त्यात एक होती जोडीची. समजा एखादा सभासद आजारी पडला आणि मतदानाला येऊच शकत नाही. मग तो उलट बाजूच्या एखाद्याला विचारतो, माझ्याशी जोडी करशील का? त्यानं हो म्हटलं की तोही त्या दिवशी घरी बसतो. एक मत इकडचं कमी, एक तिकडचं कमी, कुणाच्या आजारपणाचा फायदा कुणाला नाही. कागद नाही, सही नाही, साक्षीदार नाही. नुसता शब्द. ज्यानं मागितली तो हवं तर पुढे सांगू शकतो. ज्यानं दिली त्यानं जन्मात तोंड उघडायचं नाही, कारण कुणी का मागितली हे त्याच्यापाशी ठेव म्हणून असतं. मी तेव्हा म्हटलं होतं, असली जोडी मला कधीच जमणार नाही बाई. तीही पोट धरून हसली होती.

म्हणजे ती पळाली नव्हती. ती शब्द देऊन इस्त्री करत बसली होती. मी दुकानाच्या मधोमध उभी राहून रडले, आणि रडता रडता मला असा संताप आला म्हणता, की काही विचारू नका. माझी पोर रोज चौकात उभी राहून चिखल अंगावर घेतेय, आणि ज्यांच्यासाठी घेतेय ते खुशाल घरात पडलेत? एक शब्द बोलायला काय जातं त्यांचं? आणि तो कडक कॉलर, त्यांच्याच पक्षाचा, त्याला थोरल्यांचा आजार ठाऊक नाही असं होईल? जोडीची रीत त्याला ठाऊक नाही? त्याला सगळं ठाऊक होतं. ती बोलणार नाही हे ठाऊक होतं, म्हणूनच तो विचारत होता.

मी गाठोडं धुतलं, वाळवलं, घड्या घातल्या आणि पोचवायला स्वतः गेले. थोरल्यांच्या बायकोनं दार अर्धंच उघडलं. तिनं गाठोडं घ्यायला हात पुढे केला आणि मी तिथंच, उंबऱ्यात, सुरू झाले. माझा आवाज कसा आहे ते गल्लीला माहीत आहे, बॉयलरच्या वर ऐकू जातो. काय काय बोलले ते सगळं सांगत नाही, लाज वाटते. पण हे बोलले ते आठवतं.

"तुमच्या साहेबांना शब्द हवा होता, तो माझ्या सुनेनं दिला. आता त्याच शब्दाखाली ती भरडली जातेय. ते त्यांना ऐकू येत नाही का? की माझं तोंड बंद, तुझं नाव खराब, असा हिशेब आहे?"

आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. ती बाई धावत आत गेली, आणि मी कशी कोण जाणे तिच्यामागे गेले. खिडकीशी खुर्चीत थोरले बसले होते. गुडघ्यांवर पांघरूण, तोंड एका बाजूला ओढलेलं. काठी जमिनीवर पडली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बोलायला गेले. आवाज आला, पण शब्द आला नाही. परत प्रयत्न केला. परत नुसता आवाज. ज्या माणसानं बोलून सरकारं हलवली त्याच्या तोंडातून पाणी मागण्यापुरताही शब्द निघत नव्हता. मी वाकून काठी उचलली आणि त्यांच्या हाताशी ठेवली.

बायकोनं मला स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. झटका आला होता, मतदानाच्या जरा आधी. पक्षानं बजावलं होतं, निवडणूक होईपर्यंत बोलायचं नाही, त्यांच्या नावावर मतं येतात. पण मतदानाचा दिवस उजाडला आणि थोरले ऐकेनात. उठायचा प्रयत्न करायचे, पडायचे. आयुष्यात एक मतदान चुकवलेलं नव्हतं. शेवटी तिनंच माझ्या सुनेला फोन लावला, कारण त्यांनी डाव्या हाताचं बोट तिच्याच नंबरावर ठेवलं. पक्षातल्या कुणावर नाही, विरोधातल्या पोरीवर. "तिनं एकच विचारलं," ती म्हणाली, "साहेब कसे आहेत. मग म्हणाली, मी घरीच आहे असं त्यांना सांगा."

मी उठले. त्या बाईचे हात हातात घेतले आणि सांगितलं, मी काही पाहिलं नाही, मी कपडे पोचवायला आले होते. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की माझ्या ख्यातीची तिलाही कल्पना असावी. तरी ती मान हलवून बरं म्हणाली.

घरी आले आणि खरी परीक्षा सुरू झाली. सून समोर बसून जेवायची आणि माझ्या जिभेवर शब्द नुसते नाचायचे. अगं, मला कळलंय, एवढं म्हणायला काय हरकत होती? पण मग तिला वाटलं असतं की आईंना कळलं म्हणजे गावाला कळलं, आणि तिचा शब्द मोडला. म्हणून मी भात चिवडत बसायचे. मुलगा, जो कधी काही विचारत नाही, तो म्हणाला आई, दाढ दुखतेय का? मी हो म्हटलं. दुकानात कुणी त्या रिकाम्या खुर्चीचा विषय काढला की मी मागे जाऊन चादरी पिळायचे. इतक्या चादरी इतक्या कोरड्या पिळल्या गेल्या नसतील कधी.

समोरासमोरचा वाद निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात, संध्याकाळी, नगर सभागृहात ठेवला होता. अध्यक्ष शाळेच्या मुख्याध्यापिका. घडीच्या खुर्च्या कमी पडल्या, लोक भिंतीला टेकून उभे. मी पहिल्या रांगेत, शेजारी मुलगा. कडक कॉलरनं मंचावर एक रिकामी खुर्ची आणून ठेवली होती, सुनेच्या अगदी बाजूला. लोक हसले.

निर्बंधांवरचा वाद तिनं जिंकला, हे शत्रूलाही मान्य करावं लागलं असतं. त्यानं कारखान्याचं नुकसान काढलं, तिनं कारखान्याला मिळालेलं नवं गिऱ्हाईक काढलं. तो म्हणाला, दुसऱ्याच्या घरातलं भांडण आपण का सोडवायचं? ती म्हणाली, सोडवू नका, निदान त्यांना काठ्या विकू नका. टाळ्या पडायला लागल्या होत्या. आणि मग त्यानं त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

हे सगळं छान आहे, म्हणाला, पण एकच सांगा. त्या दिवशी तुम्ही कुठे होता?

सून उभी राहिली. "मी गैरहजर होते. का, ते मी सांगणार नाही. हजर असते तर ठरावाच्या बाजूनं मत दिलं असतं. यापुढे तुम्ही ठरवा."

मागून कुणीतरी शीळ घातली. कुणीतरी ओरडलं, किती मिळाले? सभागृहभर कुजबुज सुटली आणि लोकांच्या माना माझ्याकडे वळल्या, कारण काही असलं तर ते माझ्या तोंडून बाहेर पडणार हे सगळ्यांना ठाऊक. आणि खरंच, माझ्या पायांनी मला अर्धं उठवलं होतं. जोडीचा शब्द तिनं दिला होता, मी थोडाच दिला होता? एक वाक्य, की झालं. मंचावरून सुनेनं माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं मी नेहमीसारखी भांडायला उठतेय. मला त्या खिडकीतल्या खुर्चीवरचं तोंड दिसलं, तो आवाज आठवला. ते सगळं मला गाठोड्यातून कळलं होतं. मी खाली बसले आणि हात मांडीखाली दाबून धरले. आयुष्यात एवढं जड काही उचललं नव्हतं मी.

कडक कॉलर माइककडे वळला, समारोप करायला. आणि बाजूचं दार उघडलं.

आधी ती चिमणीएवढी बाई दिसली. तिच्या खांद्यावर एक हात, दुसऱ्या हातात काठी, आणि थोरले. कोट घातलेला, पण अंगाला मोठा झालेला. एक पाय ओढत होते. आधी पुढच्या रांगांना कळलं, मग मागच्यांना, आणि लोक माना उंचावून बघायला लागले. कडक कॉलर धावत पुढे गेला, साहेब तुम्ही कशाला, बसा इथं, असं काहीतरी पुटपुटत. थोरल्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. मंचाच्या दोन पायऱ्या ते एकेक करून, थांबत थांबत चढले. वर गेले आणि त्या रिकाम्या खुर्चीत बसले. मुख्याध्यापिकाबाईंनी स्वतः उठून माइक त्यांच्या तोंडाशी धरला.

त्यांचे ओठ हलले. काही नाही. परत हलले. माझ्या शेजारी माझा मुलगा, जो बोलत नाही तो, हळूच म्हणाला, बोला साहेब.

"जोडी," थोरले म्हणाले.

मग थांबले. कपाळावर घाम आला होता. डावा हात उचलून त्यांनी छातीवर ठेवला.

"माझी... होती."

मागच्या म्हाताऱ्यांना कळलं, ते उठूनच उभे राहिले. बाकीच्यांना कळावं म्हणून थोरल्यांच्या बायकोनं माइक घेतला आणि साध्या शब्दांत सगळं सांगितलं. जोडीची रीत, झटका, लपवाछपवी, फोन, आणि सुनेनं विचारलेला तो एक प्रश्न. मघाशी शीळ घालणारा कुठे दडला देव जाणे.

पण कडक कॉलरला दाद द्यायला हवी, पडला तरी तंगडी वर. त्यानं माइक ओढला आणि म्हणाला, ऐकलंत? म्हणजे ठराव यांनीच बुडवला. साहेब नव्हते. या गेल्या असत्या तर मतं समसमान झाली असती, आणि तिथल्या अध्यक्षांचं निर्णायक मत ठरावाच्याच बाजूनं पडलं असतं. जे जिंकू शकत होतात ते यांनी तुमच्या हातून घालवलं. आणि खरं सांगते, सभागृह क्षणभर डळमळलं. कारण त्याचं गणित बरोबर होतं.

सून माइकपाशी आली. आवाज चढवला नाही.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "मी गेले असते तर ठराव मंजूर झाला असता. पण थोरले धडधाकट असते, तर तो एका मतानं पडलाच असता. मला तो जिंकायचा होता, अजून जिंकायचा आहे. पण त्यांच्या अंथरुणावर पाय देऊन नाही. समोरचा बोलू शकत नसला की आपलीच मतं मोजायची, हे ते सेनापती करतात. त्यांच्याविरुद्धचा ठराव मी त्यांच्यासारखा मंजूर करून घेऊ? पुढच्या वेळी मी आणीन तो ठराव. तेव्हा साहेब समोर असतील, माझ्या विरोधात असतील, आणि मी त्यांना हरवेन."

थोरले हसले. अर्धंच तोंड हसलं, पण काय हसले. आणि काठीनं मंचावर ठकठक ठोकायला लागले. पहिला उठला तो कारखान्यातला फोरमन, ज्यानं फाटकावर तिला सगळ्यात जास्त शिव्या घातल्या होत्या. मग सगळे. खुर्च्या मागे पडत होत्या, टाळ्या थांबत नव्हत्या. कडक कॉलर आपले कागद गोळा करत होता आणि एक कागद सारखा खाली पडत होता. ही माझी सून आहे, मी शेजारच्या अनोळखी बाईला सांगितलं. मग तिच्या शेजारच्याला सांगितलं. सगळ्या रांगेला सांगितलं.

निवडणूक ती नंतर जिंकली, आणि दणकून जिंकली, पण माझ्या लेखी ती त्या संध्याकाळीच झाली. गर्दी ओसरल्यावर ती खाली उतरून माझ्यापाशी आली. माझा चेहरा बघून तिला काय कळायचं ते कळलं.

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

"चादरींनी सांगितलं," मी म्हटलं.

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

मी म्हटलं, मला बोलता येतं तसं गप्पही बसता येतं, फक्त आजवर कुणी मागितलं नव्हतं. तर ही बाई, जी एवढ्या चिखलात रडली नव्हती, ती माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, मी तुमच्यावर विश्वास ठेवायला हवा होता, चुकले. सुनेनं सासूची माफी मागितली, तीही चारचौघांत. मी मुलाला म्हटलं ऐकून ठेव, साक्षीदार आहेस.

बाहेर थोरल्यांना गाडीत बसवत होते. त्यांची बायको माझ्याकडे आली आणि माझा दंड धरून बाजूला नेलं. मी आधीच सांगून टाकलं, मी कुणाला एक अक्षर बोलले नाही, आणि त्या दिवशी तुमच्या दारात ओरडले त्याची मला लाज वाटते. ती म्हणाली, ते सगळं त्यांनी आतून ऐकलं. घरात सगळे त्यांच्याशी कुजबुजत बोलायचे, बाहेर काय चाललंय ते कुणी त्यांना कळू देत नव्हतं. वर्तमानपत्रसुद्धा आम्ही लपवायचो. तुम्ही ओरडलात तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळलं. त्या दिवसापासून ते रोज आरशासमोर बसून ते तीनच शब्द घोकत होते. डॉक्टर म्हणाले होते, शब्द आता परत येणार नाहीत.

मला काय बोलावं सुचेना. मला. मी गाडीपाशी गेले, खिडकी उघडी होती. थोरल्यांनी मला ओळखलं. त्यांचे ओठ हलायला लागले. बायको मागून म्हणत होती, पुरे आता, दमलात. त्यांनी हात हलवून तिला थांबवलं. माझ्याकडे बघत राहिले, आणि कुठून कोण जाणे, आरशासमोर न घोकलेले शब्द ओढून आणले.

"ओरडत... जा."

"जाईन," मी म्हटलं, आणि ते अख्ख्या रस्त्याला ऐकू गेलं.